नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा, बोलावणं तीस दिवसांचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तुम्हाला साडेचार वर्षं झाली. मूळ पगार ५५,००० आणि सगळं मिळून १,१०,०००. खराडीच्या एका कंपनीची ऑफर आली आहे, पण त्यांना तुम्ही तीस दिवसांत हवे आहात. नियुक्तिपत्रात नोटीस नव्वद दिवसांची आहे. मॅनेजरकडे विषय काढला तर तो म्हणाला, "राजीनामा मी स्वीकारणारच नाही आणि मध्येच गेलास तर रिलिव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) विसर." त्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया कंपनीच्या विम्यावर करायचं घरी ठरलंय.

पुणे परिसरातल्या कंपन्यांच्या एचआरमध्ये मी बावीस वर्षं काढली आहेत. आधी भोसरीच्या कारखान्यात, मग आयटीत. त्या काळात शेकडो राजीनामे माझ्या टेबलावरून गेले. त्यावरून एक सांगतो. सध्या तुमचं सगळं लक्ष मॅनेजर काय म्हणतो याकडे आहे, ते तारखांकडे वळवा. राजीनामा दिल्याची तारीख, शेवटच्या दिवसाची तारीख आणि त्यांच्यामधल्या दिवसांची मोजणी, एवढ्यावर तुमचे पैसे, कागद आणि आईचा विमा अवलंबून आहे.

हे मी स्वतः सोसून शिकलो. भोसरीचा कारखाना सोडताना मी राजीनाम्याचं पत्र टाइप करून वर्क्स मॅनेजरच्या हातात दिलं. बुधवारची संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुट्टी. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या वरच्या खणात ठेवलं. "शुक्रवारी बोलू," म्हणाले. शुक्रवारी बोलणं झालं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. तीन आठवड्यांनी मी आठवण केली तर म्हणाले, "कुठलं पत्र?" आवक-जावक कारकुनाचा शिक्का माझ्या प्रतीवर नव्हता. ऑफिसात दिलेल्या प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर शिक्का घ्या, हे मी कामगारांना रोज सांगायचो, आणि स्वतःचं पत्र मात्र ओळखीच्या माणसावर विसंबून नुसतं हातात दिलं होतं. माझे एकवीस दिवस गेले. नवीन कंपनीने रुजू होण्याची तारीख एकदा पुढे ढकलली, दुसऱ्यांदा ढकलायला तयार झाली नाही. ती नोकरी गेली.

म्हणून पहिलं काम. मॅनेजरला समोर बसून सांगा, मानाने सांगा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मेल करा. मेल मॅनेजर आणि एचआर दोघांना जायला हवा आणि स्वतःच्या खासगी पत्त्यावर त्याची प्रत हवी. कंपनीच्या पोर्टलवर राजीनाम्याचं बटण असेल तर तेही दाबा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. बरेच जण पोर्टलवर भरतात आणि मेल करत नाहीत. मग मॅनेजर पोर्टलवरची विनंती 'रिजेक्ट' करतो आणि प्रणालीत सगळं कोरं दिसतं. मेल कोणाला रिजेक्ट करता येत नाही.

मेलमध्ये दोन तारखा लिहा. एक कराराप्रमाणे: आजपासून नव्वद दिवस, म्हणजे माझा शेवटचा दिवस अमुक. दुसरी विनंतीची: मला अमुक तारखेला मोकळं केलंत तर आभारी राहीन, उरलेल्या दिवसांचं नियमाप्रमाणे समायोजन करावं. पहिली तारीख तुमचा आधार आहे, दुसरी बोलणी सुरू करण्यासाठी. फक्त दुसरीच लिहिलीत तर नोटीस कमी दिली असा अर्थ निघू शकतो. काहीच लिहिलं नाहीत तर तारीख ते ठरवतात. कारणं, तक्रारी, पगार कमी पडल्याचं दुःख यातलं काहीही त्या मेलमध्ये नको. ते एक्झिट इंटरव्ह्यूत, म्हणजे निघतानाच्या मुलाखतीत, बोला, नाहीतर बोलूच नका.

आता "स्वीकारणार नाही" याबद्दल. खासगी नोकरीत करारात लिहिलेली नोटीस तुम्ही दिलीत की ती मुदत संपल्यावर नातं संपतं. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध नोकरीत डांबून ठेवायचा आदेश न्यायालयही देत नाही; १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमात वैयक्तिक सेवेच्या करारांना ती सक्ती लावलेली नाही. पण याचा अर्थ उद्या उठून जाता येतं असा घेऊ नका. नोटीस मोडली तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायची अट वैध ठरवली. सही केलेल्या कागदाला वजन असतं. म्हणून नियुक्तिपत्र काढा आणि नोटिशीचं कलम तीनदा वाचा. "नव्वद दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी पगार" असं लिहिलंय, की "कंपनीच्या मर्जीनुसार त्याऐवजी पगार" असं? पहिल्यात पैसे भरून निघायचा पर्याय तुमच्याही हातात आहे. दुसऱ्यात तो कंपनीच्या हातात आहे, आणि तुमच्यासारख्यांच्या पत्रांत बहुतेक वेळा दुसरंच असतं. पगार म्हणजे मूळ की एकूण हेही तिथेच बघा. साठ दिवसांचा बायआउट, म्हणजे न दिलेल्या नोटिशीबद्दल भरायचे पैसे, मूळ पगारावर १,१०,००० होतो, एकूण पगारावर २,२०,०००. ही रक्कम भरून द्यायचं नवीन कंपनीने कबूल केलं असेल तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. आणि ते पैसे बहुधा पगारात धरून त्यावर कर कापला जातो, तेव्हा हातात कमी येतात हे लक्षात ठेवा.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलाच नाही. मला मात्र तोच सगळ्यात मोठा वाटतो, ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचा.

ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. तुमच्या ५५,००० वर पाच वर्षांचे १,५८,६५४ रुपये होतात. हे पैसे तुमच्या खात्यात येणार की नाही, हे तुम्ही कोणत्या तारखेला बाहेर पडता त्यावर ठरू शकतं.

कारण कायद्यातल्या 'सलग सेवे'च्या व्याख्येत वर्षाचे २४० दिवस भरले तर वर्ष भरलं असं धरलंय. आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या आस्थापनांसाठी हा आकडा १९० आहे. ही तरतूद १९७२ च्या कायद्यात होती आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तिच्याच आधारे मद्रास उच्च न्यायालयाने चार वर्षं आणि पाचव्या वर्षाचे २४० दिवस भरलेल्या कर्मचाऱ्याचा हक्क मान्य केला. अनेक कंपन्या तसं देतात. काही कंपन्या पाच म्हणजे पाचच असं धरून बसतात आणि मग कामगार विभागाकडे दाद मागावी लागते. १९० दिवस धरायचे तर त्यात शनिवार-रविवार मोजायचे की नाही, यावर पेरोलची, म्हणजे पगाराचा हिशोब करणारी, माणसं वाद घालतात. म्हणून मी सांगतो, निदान कॅलेंडरचे २४० दिवस तरी पार करा, म्हणजे तुमची बाजू भक्कम होते; शनिवार-रविवार सोडून मोजले तर मात्र वाद उरू शकतो.

आता तुमचे दिवस मोजू. आज साडेचार वर्षं, म्हणजे पाचव्या वर्षाचे साधारण १८३ दिवस झाले. तीस दिवसांत निघालात तर २१३. साठ दिवसांनी निघालात तर २४३. पूर्ण नव्वद दिलेत तर २७३. म्हणजे खराडीवाल्यांच्या मनासारखं केलंत तर २४० च्या अलीकडे राहता आणि साठ दिवसांना जेमतेम पार होता. तीन दिवसांची फट आहे. रुजू झाल्याची नेमकी तारीख घेऊन कॅलेंडरवर बोट ठेवून स्वतः मोजा. शेवटच्या आठवड्यात कोणी प्रेमाने म्हणेल, "शुक्रवारीच मोकळं करतो, पुढचे चार दिवस कशाला येतोस?" तर त्याचा अर्थ तुम्हाला कळला पाहिजे. राजीनाम्याचा मेल करायच्या आधी एचआरच्या धोरणपुस्तिकेत ग्रॅच्युइटीचं पान शोधा. सापडलं नाही तर पेरोलला नुसता नियम विचारा, राजीनाम्याचा विषय न काढता.

तेव्हा माझा सल्ला साठ दिवसांचा. दोन्हीकडे साठ मागा. नवीन कंपनीला आजच सांगा की तीस जमणार नाहीत, साठ नक्की. भरतीवाले तीस म्हणतात तेव्हा बहुधा पंचेचाळीस-साठ त्यांच्या मनात असतात, कारण या शहरात नव्वदचीच चाल आहे हे त्यांनाही ठाऊक असतं. "तीस दिवसांत येतो" असं खोटं कबूल करून नंतर दर पंधरा दिवसांनी तारीख ढकलणारे उमेदवार मी पाहिले आहेत. माझी भोसरीची गोष्ट झाली तीच त्यांची होते. आणि हातात सहीचं ऑफर लेटर येईपर्यंत राजीनामा देऊ नका. फोनवरचं "फायनल आहे" म्हणजे ऑफर नव्हे.

जुन्या कंपनीकडून तीस दिवस सोडवून घ्यायचे कसे? भांडून मिळत नाहीत. मॅनेजरची भीती समजून घ्या. तुम्ही गेलात की क्लायंटला उत्तर त्याला द्यायचंय, आणि बदली माणूस मिळेपर्यंत रात्रीचे कॉल त्याच्या गळ्यात पडणार आहेत. माझ्याकडे एकदा टेस्टिंगची एक मुलगी होती. तिने राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक तक्ता करून आणला. तेवीस ओळी. प्रत्येक ओळीत एक काम, ते सध्या कुठे अडलंय, कोणाला शिकवणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि शेवटी शिकणाऱ्याच्या सहीची रिकामी चौकट. महिनाअखेरीला रिपोर्ट पाठवताना कोणती फाइल आधी उघडायची हेसुद्धा त्यात होतं. पाचव्या आठवड्यात सतरा चौकटींत सह्या झाल्या होत्या. तिच्या मॅनेजरने स्वतः मला मेल केला की हिला अडवून काही उपयोग नाही, सोडा. बावन्नाव्या दिवशी ती गेली, बायआउटचा एक रुपया न भरता. तुम्हीही केटीचा, म्हणजे काम दुसऱ्याला शिकवून सोपवण्याचा, असा तक्ता पहिल्याच आठवड्यात द्या आणि लवकर सोडण्याची विनंती त्या तक्त्याला जोडून करा. विनंती मान्य झाली की "तुमचा शेवटचा दिवस अमुक" असा एचआरचा मेल मागून घ्या. तोंडी होकारावर खराडीची तारीख पक्की करू नका.

नोटिशीच्या काळात सुट्ट्या जपून घ्या. कित्येक कंपन्यांत या काळात घेतलेली रजा शेवटच्या तारखेत मिळवतात. गणपतीत चार दिवस गावी गेलात तर चार दिवस पुढे ढकलले जाता. शिल्लक रजेचे पैसे मिळतात का, किती दिवसांचे, हे धोरणात बघा. नोटिशीतून रजा वजा करून देतात का, हेही विचारा. काही ठिकाणी देतात.

मॅनेजर पगार वाढवून थांबवायचा प्रयत्न करील. थांबायचं असेल तर खुशाल थांबा, पण वाढ आणि पद दोन्ही पत्रावर आल्याशिवाय खराडीला नकार कळवू नका.

एक गोष्ट मात्र काहीही झालं तरी करू नका: न सांगता निघून जाणं. त्याला 'अबस्कॉन्डिंग' म्हणतात आणि तो शिक्का पुसता पुसत नाही. पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा फोन आम्हाला येतो तेव्हा साधारण चारच गोष्टी विचारतात: रुजू कधी, गेले कधी, पद काय, आणि परत घ्याल का. चौथ्या प्रश्नावर एचआर क्षणभर थांबला तरी समोरचा समजतो. तसंच रजा टाकून आधीच नवीन ठिकाणी रुजू होऊ नका. तुमच्या यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, दोन्ही कंपन्यांच्या तारखा दिसतात आणि एकावर एक आलेले महिने पडताळणीत पहिल्या नजरेत सापडतात.

रिलिव्हिंग लेटर अडवायची धमकी बहुतेक वेळा धमकीच असते. नोटीस पूर्ण दिली किंवा लेखी संमतीने कमी केली, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून पोच घेतली, की अडवायला कारण उरत नाही. तरीही अडवलं तर पहिला मेल एचआरला, पंधरा दिवसांनी दुसरा एचआर प्रमुखाला, त्यानंतर वकिलाची नोटीस. दरम्यान खराडीला राजीनाम्याचा मेल, तारीख पक्की केल्याचा मेल आणि लॅपटॉपची पोच दाखवा; यावर रुजू करून घेणाऱ्या कंपन्या आहेत. शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयातही जाता येतं. मॅनेजर म्हणवणाऱ्यांना तिथे 'कामगार' या व्याख्येवरून अडचण येते, पण थकलेल्या पगाराची गोष्ट वेगळी. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत राजीनामा देणाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावं असं स्पष्ट लिहिलंय. फुल अँड फायनलला, म्हणजे शेवटच्या हिशोबाला, पंचेचाळीस दिवस लावायची जुनी सवय अजून गेलेली नाही. तेव्हा त्या तरतुदीचा उल्लेख करून नम्र मेल टाकायला हरकत नाही. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी आहे, तीस दिवसांची.

हिशोबाचा कागद आला की वजावटीच्या ओळी बघा. बायआउटवर १८ टक्के जीएसटी लावायची पद्धत पूर्वी काही कंपन्यांत होती. ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने नोटीस पगाराच्या वसुलीवर जीएसटी नाही हे स्पष्ट झालंय. कोणी अजून लावत असेल तर ते परिपत्रक दाखवा. जॉइनिंग बोनस घेतला होतात का, आणि तो परत करायची अट किती वर्षांची होती, हेही तपासा.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर लागतो. नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, पोर्टलवर भरायची असते. त्यांनी नाही भरली तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः भरू शकता, गोळीबार मैदानाच्या पीएफ ऑफिसला खेपा घालायची गरज नाही. नवीन कंपनीला या वर्षीचा जुना पगार आणि कापलेला कर न चुकता कळवा. नाही कळवलात तर ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि खालचे कर-टप्पे दोन्हीकडे धरले जातात, आणि जुलैत विवरणपत्र भरताना मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते. दरवर्षी जून-जुलैत यावरून घाबरलेल्या मुलांचे फोन मला येतात. पगाराच्या सगळ्या स्लिप, फॉर्म १६ आणि पगारवाढीची पत्रं मेल बंद व्हायच्या आत उतरवून घ्या. मात्र कोड किंवा क्लायंटची एकही फाइल घेऊ नका, तुम्ही स्वतः लिहिलेली असली तरी.

आता आईच्या गुडघ्याचं. कंपनीचा गट विमा साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, काही ठिकाणी राजीनामा दिल्याबरोबर पालकांचा भाग बंद होतो. तुमच्याकडे काय आहे हे मेल करण्याआधी विमा पुस्तिकेत वाचा. शस्त्रक्रिया शेवटच्या दिवसाच्या निदान तीन आठवडे आधी ठरवा, म्हणजे डिस्चार्ज, कॅशलेसची मंजुरी आणि नंतरची ड्रेसिंग-तपासणीची बिलं सगळं त्या तारखेच्या आत येईल. दोन्ही गुडघे करायचे असतील आणि डॉक्टर मध्ये अंतर ठेवायला सांगत असतील, तर दुसरा गुडघा कोणत्या विम्यावर होणार ते आत्ताच ठरवा. खराडीच्या कंपनीत पालकांना विमा आहे का, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हे ऑफरवर सही करण्याआधी लेखी विचारा. नसेल तर याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आईला नेता येतं का, याची चौकशी नोटिशीच्या पहिल्या पंधरवड्यात करा. शेवटच्या दिवसानंतर तो पर्याय बहुधा उरत नाही. शस्त्रक्रियेनंतर चार-पाच दिवस तुम्ही घरी लागणार आहात. ते दिवस आत्ताच मॅनेजरला सांगा, केटीच्या तक्त्यात रजा म्हणून लिहा, आणि शेवटच्या तारखेत ते मिळवणार असतील तर किती, हे एचआरच्या मेलमध्ये आकड्यात येऊ द्या.